चार्ज देताना

रेवणसिद्ध, हे रजिस्टर. आणि ही किल्ली,
कुलूप नीट लागत नाही, दार जरा उचलून धर.
एसीखाली बादली आहे. पहाटे चारला भरते,
उन्हाळ्यात साडेतीनला.

तीन मशिनी, तीन स्वभाव.
कोपऱ्यातली काळी, लिनक्सची. हिच्याशी थेट बोलता येतं,
फक्त नंबर माहीत हवा. प्रत्येक कामाला नंबर असतो
गिरणीतल्या बिल्ल्यासारखा,
आणि तो एका चिठ्ठीत लिहून ठेवलेला असतो.
काम मेलं तरी चिठ्ठी राहते कधीकधी.
मग नवीन काम दारातच अडून बसतं,
आत कुणीतरी आहे म्हणतं.
कुणी नसतं बे. चिठ्ठी फाड, चालू होईल.
पण फाडायच्या आधी आत बघ. दोनदा बघ.

विंडोजवाली अकाउंटची. तिथे मुकादमामार्फत जावं लागतं.
थांब म्हटलं की ‘थांबत आहे’ असं लिहून येतं
आणि तसंच लिहिलेलं राहतं.
एका मार्चअखेरीला दुपारभर राहिलं होतं.
गुर्रमसाहेब खुर्चीमागे उभे, माझी भाकरी डब्यात.

डिझाइनच्या पोरांची पांढरी मशीन,
तिथलं काम मारलंस तर लगेच उठतं.
पुन्हा मार, पुन्हा उठेल, नवा नंबर घेऊन.
त्याच्याशी भांडू नकोस. उठवणारा वेगळा बसलाय,
त्याला सांग, आज उठवू नको म्हणून.

सेटिंग बदललंस तर सगळं बंद कशाला करतोस?
रीलोड दे.
पूर्वी टेलिफोनची लाइन तुटली की जो इशारा जायचा
तोच आता जातो, ‘आपली वही पुन्हा वाच’ म्हणून.
का, ते मला विचारू नको.
हातात असलेलं गिऱ्हाईक जुना हात पुरं करतो,
नवीन येईल ते नवा हात घेतो.
आई साखर पेठेत कांड्या भरायची.
ऑटोमॅटिक मागावर धावत्या धोट्यात कांडी बदलते, पाहिलंयस?
खट्.
टॉवेलावर रेघसुद्धा नाही.
मात्र वही आधी तपासून घे. दोन हजार अकरात
माझा एक अर्धविराम राहिला,
हॅम्बुर्गची ऑर्डर रात्रभर दाराबाहेर.

बंद करायचं तर सांगून कर.
आमचे नाना जॉबर. हात वर करून ओरडायचे, आगू!
तेलुगूत थांब म्हणजेही आगू, वाट बघ म्हणजेही आगू.
तसं म्हण, आणि नव्वद सेकंद मोज.
तेवढ्यात ते उघड्या फाइली मिटतं,
अर्धं लिहिलेलं पुरं करतं.
मोजताना मोबाइल बघू नकोस.

आणि नऊ नंबर. तुम्ही पोरं आधी तोच शिकून येता.
तो इशारा कुणाला ऐकू येत नाही,
ज्याला मारतो त्यालाही नाही.
नानांची गिरणी तशी बंद झाली.
दुसरी पाळी जेवायला बाहेर आली आणि गेट आतून लागलं.
अकरा वर्षांनी लिलावाला कुलूप काढलं तेव्हा
नानांच्या मागावर मोर होता. पाय होते, पिसारा होता.
मान विणायची राहिली होती.
मस्टरवर नाव मात्र चालूच.
लिनक्सवर अशांना झोंबी म्हणतात. काम संपलेलं असतं,
बापाने नोंद घेतलेली नसते, म्हणून यादीत उभे.
त्यांना मारता येत नाही, मेलेलेच ते.
बापाला गाठावं लागतं.
फंडाच्या ऑफिसात मी एकोणीस खेपा घातल्या.

वापर नऊ नंबर. लागतो कधी.
पण आधी आगू म्हण.

उद्या माझं खातं बंद करशील. अठ्ठावन्न झाली, नियम आहे.
फक्त त्याआधी बघ, माझ्या नावावर काय काय चालू आहे.
रात्री सव्वादोनचा बॅकअप माझ्या नावाने उठतो.
बारा वर्षं उठतोय, मी घरी झोपलेली असते तेव्हा.
खातं गेलं की तोही जाईल, आणि कळणार नाही कुणाला
एखादी फाइल हरवेपर्यंत.
तो तुझ्या नावावर घे आधी.

खणात शेंगाचटणी आहे, बरणी परत नको.
बादली बघितलीस का?